आतड्याच्या विकाराचा दावा फेटाळला गेला असेल तर : अमेरिकेतील मराठी माजी सैनिक व त्यांच्या कुटुंबीयांसाठी माहितीपत्रक

अमेरिकी सैन्यातून परतलेल्यांच्या घरून आमच्या कार्यालयात येणाऱ्या फोनवर बहुधा आई किंवा पत्नी बोलते, आणि विषय पोटाचा असला की तिचा आवाज खाली जातो. सेवेमुळे जडलेल्या दुखण्यासाठी सरकारकडे भरपाई मागताना गुडघ्याचा किंवा पाठीचा दावा लोक बिनदिक्कत मांडतात. इरिटेबल बॉवेल सिंड्रोम, म्हणजे आतड्याचे काम बिघडून होणाऱ्या पोटदुखीच्या विकाराच्या अर्जात मात्र ‘पोटाचा त्रास होतो’ एवढेच लिहिलेले असते. आमच्याकडे अपिलासाठी आलेली अनेक प्रकरणे या एका वाक्यापाशीच अडलेली होती. म्हणून या पत्रकात थोडे स्पष्ट लिहावे लागत आहे, त्याबद्दल राग नसावा.

नकाराचे पत्र हाती आल्यावर प्रथम नकाराचे कारण वाचावे. विकाराचा सैनिकी सेवेशी संबंध दिसत नाही, असे हे दावे तपासणाऱ्या अमेरिकी सरकारच्या माजी सैनिकविषयक खात्याने, म्हणजे व्हेटरन्स अफेअर्सने (यापुढे ‘व्हीए’) म्हटले असेल, तर आपण कोठे तैनात होता हे तपासणे आवश्यक आहे. २ ऑगस्ट १९९० रोजी किंवा त्यानंतर इराक, कुवेत, सौदी अरेबिया आदी आखाती टापूत सेवा केलेल्यांच्या बाबतीत हा विकार सेवेमुळेच झाला असे कायदा गृहीत धरतो, आणि २०२२ च्या पॅक्ट कायद्याने या टापूत अफगाणिस्तानसह आणखी काही देशांची भर घातली आहे. अशा सैनिकाला दुवा सिद्ध करण्यासाठी डॉक्टरांचे वेगळे मत आणावे लागत नाही. मात्र हे गृहीतक आतड्याच्या कार्यातील बिघाडापुरतेच आहे. क्रोन्स किंवा अल्सरेटिव्ह कोलायटिससारखे, आतड्याच्या रचनेतच दोष दिसणारे आजार त्यात बसत नाहीत. त्यामुळे कागदावर निदान नेमके कोणत्या शब्दांत लिहिले आहे, याला फार महत्त्व आहे.

इतरांना दुवा दाखवावा लागतो. सेवेत असतानाच्या दवाखान्याच्या नोंदी हा एक मार्ग झाला. आधीच मान्य झालेल्या पीटीएसडीमुळे (आघातानंतरच्या मानसिक ताणविकारामुळे) किंवा त्यावरील औषधांमुळे पोट बिघडले, असा दुय्यम दावा हा दुसरा. दोन्हींत डॉक्टरांनी ‘संबंध असण्याची शक्यता निदान निम्मी आहे’ असे कारणांसह लिहून दिले पाहिजे. पुरावा दोन्ही बाजूंनी सारखाच भरला, तर संशयाचा फायदा सैनिकाला द्यावा, असा नियम आहे.

संबंध मान्य होऊनही अपंगत्वाची टक्केवारी, जिच्यावर दरमहाची रक्कम ठरते, ती कमी मिळाल्याची तक्रार याहून अधिक येते. १९ मे २०२४ पासून लागू झालेल्या निकषांनुसार, मागील तीन महिन्यांत शौचाशी निगडित पोटदुखी एकदा तरी झाली असल्यास १० टक्के, महिन्यातून किमान तीन दिवस होत असल्यास २० टक्के आणि आठवड्यातून किमान एक दिवस होत असल्यास ३० टक्के अपंगत्व धरले जाते. यांपैकी प्रत्येक पायरीवर आणखी किमान दोन लक्षणे लागतात : शौचाच्या वेळांतील किंवा स्वरूपातील बदल, कुंथावे लागणे किंवा अचानक घाईची लागणे, आव पडणे, पोट फुगणे, पोट तट्ट झाल्यासारखे वाटणे. या विकारासाठी ३० टक्के हीच वरची मर्यादा आहे. १ डिसेंबर २०२४ पासूनच्या दरांनुसार एकट्या व्यक्तीला १० टक्क्यांवर दरमहा १७५.५१ डॉलर, तर ३० टक्क्यांवर ५३७.४२ डॉलर मिळत. शिवाय एकूण टक्केवारी ३० झाली की पती-पत्नी, मुले आणि अवलंबून असलेले आई-वडील यांच्यासाठी वाढीव रक्कम सुरू होते.

थोडक्यात, येथे सारा हिशेब दिवसांचा आहे, आणि दिवसांचा हिशेब ठेवायची सवय आपल्या घरांना आहेच. दुधाचे खाडे ज्या कालनिर्णयाच्या चौकटीत लिहिले जात, त्याच चौकटीत ‘सकाळी कळ, चार वेळा जावे लागले, आव, कामावरून अर्ध्या दिवसाने परत’ अशी नोंद सैनिकाने स्वतः त्याच दिवशी करावी. तीन महिन्यांची अशी पाने इंग्रजी भाषांतरासह जोडली, तर त्रास ‘अधूनमधून’ होतो असे म्हणणे तपासणाऱ्याला अवघड जाते. गणपतीला मंडळात जायच्या आधी जो स्वच्छतागृह कोठे आहे हे विचारतो, लांबच्या प्रवासाला निघण्यापूर्वी जो सकाळपासून काही खात नाही, त्याच्याबद्दल घरच्यांनी २१-१०२१० क्रमांकाच्या फॉर्मवर जे पाहिले तेवढेच लिहावे. रोगाचे नाव ठरवणे हे त्यांचे काम नव्हे.

व्हीएच्या वैद्यकीय तपासणीत आपली आणखी एक सवय नडते. ‘कसे आहात?’ या प्रश्नाला आपण ‘बरं आहे’ म्हणतो आणि तेच अहवालात उतरते. तेथे वाईट दिवस कसा जातो ते सांगावे; वाढवूनही नको, झाकूनही नको.

निर्णयाच्या तारखेपासून एक वर्षाच्या आत तीनपैकी एक मार्ग निवडावा, म्हणजे मूळ दाव्याची तारीख, आणि तिच्यासह मागील थकबाकी, शाबूत राहते. नवा व संबंधित पुरावा असल्यास पुरवणी दावा, म्हणजे २०-०९९५ हा फॉर्म, भरावा. वर नोंदींविषयी जे लिहिले आहे त्या बहुतेक प्रकरणांत आम्ही हाच सुचवतो. फाइलमधील पुरावा पुरेसा असून अधिकाऱ्याने तो नीट वाचला नसेल, तर २०-०९९६ वर वरिष्ठ अधिकाऱ्याकडून फेरतपासणी मागता येते. तेथे नवा कागद चालत नाही, पण फोनवर चूक दाखवून देता येते. तिसरा मार्ग व्हीएच्या अपील बोर्डाकडे अपील करण्याचा. त्यात न्यायाधीशासमोर सुनावणी मागता येते, परंतु वेळ बराच जातो. बोर्डानेही नाकारल्यास माजी सैनिकांच्या दाव्यांसाठीच्या अपील न्यायालयात १२० दिवसांत जावे लागते.

शुल्काविषयी स्पष्ट सांगणे आमचे कर्तव्य आहे. पहिला दावा भरून देण्यासाठी कोणालाही शुल्क घेता येत नाही, आणि व्हीएची मान्यता नसलेल्या व्यक्तीने पैसे मागितल्यास ते देऊ नयेत. पहिल्या निर्णयानंतर आम्ही काम घेतले, तर मिळालेल्या थकबाकीच्या २० टक्क्यांपर्यंतच शुल्क घेतो. माजी सैनिकांच्या मान्यताप्राप्त संघटना हेच काम विनामूल्य करतात. प्रकरण साधे असल्यास आम्ही स्वतःच आपल्याला त्यांच्याकडे पाठवू.

पहिल्या भेटीला येताना निर्णयाचे पत्र पाकिटासकट आणावे. सुट्टीत पुण्याला किंवा कोल्हापूरला गेल्यावर तेथील डॉक्टरांना दाखवले असेल, तर त्या चिठ्ठ्याही आणाव्यात. तारीख वाचता येत असेल, तर चुरगळलेली चिठ्ठीही चालते.