आधी दंड, मग जमीन

'दशावतार म्हणजे डार्विनच, फक्त आपल्याला आधी कळला होता' हा फॉरवर्ड पुण्यातल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर अधूनमधून उगवतोच. मत्स्य, कूर्म, वराह अशी शिडी. पुराणकथा म्हणून छानच. पण वराहानंतरचा नरसिंह कोणत्या खडकात सापडला, हे कोणी विचारत नाही. शिवाय उत्क्रांतीला शिडी नसते, फांद्या असतात.

अशाच एका फांदीवरचा युस्थेनॉप्टेरॉन. सुमारे 38 कोटी वर्षांपूर्वीचा, दीड मीटरपर्यंत वाढणारा शिकारी मासा. आपला थेट पूर्वज नव्हे, चुलत घराण्यातला. कॅनडातल्या क्वेबेकमध्ये, मिगुआशाच्या कड्यांत त्याचे जीवाश्म भरपूर मिळाले. 1881 मध्ये जीवाश्मतज्ज्ञ व्हाइटीव्ह्ज यांनी त्याचं बारसं केलं. (आपल्याकडे शोधू नका. पुण्याचा काळा पाषाण म्हणजे लाव्हा, तोही जेमतेम साडेसहा कोटी वर्षांचा.) जुन्या चित्रांत हा मासा परांवर, म्हणजे पोहायच्या पंखांवर, रेलून चिखलात चढताना दिसतो. ते विसरा. अंगकाठी, शेपूट, सगळं पोहणाऱ्याचं.

गंमत आहे ती परात. गणेश पेठेच्या बाजारात राहू घेतलात, तर छाटून टाकलेला छातीजवळचा पर चिमटीत धरून उलगडून बघा. नुसते काटे आणि त्यांच्यामध्ये पातळ पडदा. हलवणारे स्नायू अंगातच राहिलेले. युस्थेनॉप्टेरॉनच्या पराला मात्र मांसल बुंधा होता आणि त्यात हाडं: खांद्याशी एक, पुढे दोन. आपला दंड आणि कोपराखालची जोडी, त्याच क्रमाने. बोटं नाहीत, टोकाला पुन्हा काटेच.

स्वीडनचे जीवाश्मतज्ज्ञ एरिक यार्विक यांनी याची कवटी थराथराने घासत, प्रत्येक थर टिपून ठेवत अभ्यासली. त्या पद्धतीत शेवटी जीवाश्मच उरत नाही. 2014 मध्ये दंडाचं हाड न फोडता, फ्रान्समधल्या ग्रनोबलच्या सिंक्रोट्रॉन या यंत्राच्या प्रखर क्ष-किरणांनी आतून पाहिलं गेलं, तेव्हा हाडाच्या लांबीला धरून गेलेल्या नळ्या दिसल्या. लांब हाड आधी कूर्चेचं, म्हणजे नाकाच्या शेंड्यासारखं लवचीक, असतं. टोकाशी कूर्चेच्या पेशी रांगेने वाढतात, मागून मज्जा, म्हणजे हाडातला मऊ गर, ती कूर्चा पोखरत येते आणि पोखरलेल्या जागेच्या भिंतींवर हाड साचतं. आपली पोरं उंच होतात ती याच रीतीने. माशाच्या दंडातल्या नळ्या याच पोखरण्याच्या खुणा. म्हणजे या रीतीची सुरुवात जमिनीवर वजन पेलण्यासाठी झालेली नाही. ती पाण्यातच झाली.

पण मज्जा दिसली म्हणून लगेच रक्ताचा कारखाना समजू नका. 2021 च्या अभ्यासानुसार या माशाच्या दंडात रक्तपेशी तयार होत नसाव्यात. ते काम मज्जेकडे आलं पुढे, चार पायांचे प्राणी आल्यानंतर.