बनावट एआय साधनांद्वारे होणारी फसवणूक

कृत्रिम बुद्धिमत्ता अर्थात एआय साधनाचे नाव, बोधचिन्ह किंवा नुसता दावा पुढे करून लोकांचे पैसे, खाती वा माहिती लुबाडण्याचा प्रकार. नकली आवाज किंवा चेहरा तयार करून होणाऱ्या फसवणुकीत खऱ्या तंत्राचा गैरवापर होतो. येथे मात्र तंत्राचे केवळ आमिष असते, आणि आमिषामागे एआय बहुधा नसतेच.

ओपनएआय कंपनीने ३० नोव्हेंबर २०२२ रोजी चॅटजीपीटी खुले केल्यावर काही महिन्यांतच हा प्रकार फोफावला. चॅटजीपीटी व तत्सम साधनांचे सोंग घेतलेले सुमारे १० प्रकारचे मालवेअर (संगणकात शिरून नुकसान वा चोरी करणारे प्रोग्राम) दोन महिन्यांत आढळल्याचे आणि १,००० हून अधिक घातक दुवे रोखल्याचे मेटा कंपनीने मे २०२३ मध्ये जाहीर केले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये, ‘बार्ड (गूगलचा तेव्हाचा एआय चॅटबॉट) डाउनलोड करा’ असे सांगून मालवेअर पसरवणाऱ्यांविरुद्ध गूगलने न्यायालयात दावा लावला. बार्ड विनामूल्य होते व ब्राउझरमध्येच चालत असे. डाउनलोड करण्याजोगे त्यात काही नव्हतेच. नवे साधन मुळात कोठे आणि कसे मिळते हे बहुतेकांना ठाऊक नसते, आणि ठकसेनांचा सारा धंदा या अज्ञानावर चालतो.

२०२५ मध्ये संशोधकांनी उघडकीस आणलेली चित्रफीत-निर्मितीची बनावट संकेतस्थळे याचा नमुना होत. समाजमाध्यमांवरील जाहिरातीतून आलेला वापरकर्ता तेथे छायाचित्र चढवतो किंवा सूचना लिहितो, काम चालू असल्याचा देखावा पाहतो आणि ‘तयार’ चित्रफीत उतरवून घेतो. फाइलच्या नावात ‘.एमपी४’ दिसते, परंतु त्यापुढे डोळ्यांना न दिसणारी रिकामी अक्षरे भरून अगदी शेवटी ‘.ईएक्सई’ ही प्रोग्रामची खूण दडवलेली असते. ती उघडताच चित्रफीत चालत नाही, प्रोग्राम चालतो आणि ब्राउझरमधील पासवर्ड व कुकी चोरीला जातात. कुकी म्हणजे लॉग-इन झाल्याची खूण असल्याने, ती हाती लागलेल्या चोराला ओटीपीचीही गरज उरत नाही.

अधिकृत ॲप स्टोअरमधून घेतलेले ॲप सुरक्षितच असते, ही समजूतही अपुरी आहे. सोफोस या सुरक्षा कंपनीने मे २०२३ मध्ये अशी चॅटबॉट ॲप्स दाखवून दिली, जी अन्यत्र फुकट मिळणाऱ्या सेवेसाठी अल्पकाळाच्या चाचणीनंतर वर्गणी कापत राहतात. त्यांत मालवेअर नसल्याने ती तपासणीतून सहज निसटतात. जाणकारही यातून सुटत नाहीत : जानेवारी २०२५ मध्ये पायथॉन या संगणकीय भाषेतील तयार पॅकेजांच्या (प्रोग्रामांच्या) भांडारात डीपसीक या चिनी एआय कंपनीच्या रोमन नावात एक जादा अक्षर घालून माहिती चोरणारे पॅकेज ठेवण्यात आले होते.

गुंतवणुकीच्या क्षेत्रात ‘एआय बॉट’ हमखास नफा देतो असे सांगितले जाते. अमेरिकेच्या वायदेबाजार नियामकाने जानेवारी २०२४ मध्ये याविषयी इशारा दिला. ज्याच्या हाती खरोखरच असे यंत्र असेल तो ते अनोळखी माणसाला का विकेल, हा साधा प्रश्न येथे पुरेसा ठरतो.

अशुद्ध लेखनावरून लबाडी ओळखण्याचा जुना उपाय आता फारसा भरवशाचा नाही, कारण ठकसेनही निर्दोष मजकूर यंत्राकडून लिहवून घेतात. म्हणून साधनाच्या रंगरूपापेक्षा ते आपल्यापर्यंत कोणत्या वाटेने आले हे पाहावे. शोधयंत्रात सर्वांत वर दिसणारा दुवा पैसे मोजून लावलेला असू शकतो, त्यामुळे कंपनीचा पत्ता स्वतः टाइप करणे श्रेयस्कर. पत्त्यात ओळखीचे नाव कोठेतरी आहे एवढ्याने भागत नाही. सुरुवातीचे ‘https://’ सोडून येणाऱ्या पहिल्या तिरक्या रेघेच्या लगेच आधीचा भाग कोणाच्या मालकीचा आहे, यावर सारे ठरते. सर्व संकेतस्थळांवरील माहिती वाचण्याची व बदलण्याची परवानगी मागणारे एक्स्टेंशन (ब्राउझरला जोडायचा छोटा प्रोग्राम), अँटिव्हायरस बंद करण्याची सूचना, पासवर्डसह पाठवलेली झिप फाइल यांपैकी काहीही दिसले तर तेथेच थांबावे. झिपला पासवर्ड असला की स्कॅनरला आतले दिसत नाही, आणि तो लावण्याचा हेतू बहुधा तोच असतो.

फाइल उघडली गेलीच, तर संगणक इंटरनेटपासून तोडावा आणि दुसऱ्या सुरक्षित उपकरणावरून पासवर्ड बदलून सर्व उपकरणांवरील लॉग-इन रद्द करावे. नुसता पासवर्ड बदलल्याने चोरलेली कुकी प्रत्येक सेवेत निकामी होतेच असे नाही. त्याचप्रमाणे ॲप काढून टाकल्याने वर्गणी थांबत नाही, ती स्टोअरच्या खात्यातून वेगळी रद्द करावी लागते.