भेग नेमकी कुणाची?

२६ डिसेंबर २०१८ची पहाट, सव्वातीनचा सुमार. सिसिलीतल्या एटना ज्वालामुखीच्या पूर्व उतारावरची फ्लेरी, पेन्निसी, फियांदाका ही गावं भूकंपाने हादरली. दोनच दिवसांपूर्वी माथ्याजवळची जमीन फाटून लाव्हा बाहेर आला होता. धक्का होता ४.९ मॅग्निट्यूडचा. कोयनेला १९६७मध्ये जेवढी ऊर्जा मोकळी झाली, तिचा हा शंभरावा हिस्साही नव्हे. तरी घरं पडली आणि पेन्निसीतला संत एमिदिओचा पुतळाही कोसळला. हा संत भूकंपापासून राखण करणारा, म्हणजे ऐन ड्यूटीवरच गाठला म्हणायचा!

एवढ्याशा भूकंपाने असा दणका दिला, कारण त्याचं केंद्र जमिनीखाली जेमतेम एक किलोमीटरच्या आत होतं. एरवी सहाच्या खालचे भूकंप पृष्ठभागावर क्वचितच भेग उमटवतात. इथे फियांदाका भ्रंशावर (भ्रंश म्हणजे खडकातली खोल चीर, जिच्या दोन बाजू एकमेकींना घासत सरकतात) सुमारे आठ किलोमीटर जमीन चिरली. इटलीच्या भूभौतिकी आणि ज्वालामुखीशास्त्र संस्थेचा ‘एमर्जिओ’ हा गट अशाच वेळी टेप आणि होकायंत्र घेऊन भेगांच्या मागावर निघतो.

खरी डोकेफोड पुढेच असते, कारण दिसेल ती भेग भ्रंशाची नसते. भुसभुशीत राखेचा बांध खचला की उताराला धरून कमानीसारखी भेग पडते. लाव्हा थंड होतानाच त्याला तडे गेलेले असतात. त्यात एटनाचे काही भ्रंश भूकंप नसतानाही मुंगीच्या पावलांनी सरकत राहतात, त्यामुळे भिंतींना जुन्या चिरा असतातच. अशा वेळी चिरेत शेवाळ आहे का, धूळ बसली आहे का, कडा ताज्या तुटल्या आहेत का, हे वाकून पाहावं लागतं. भ्रंशाची भेग चढउताराला जुमानत नाही. ती शेत, अंगण, रस्ता ओलांडत आपली दिशा धरून जाते, आणि पुष्कळदा सलग नसते; तिरप्या छोट्या चिरा एकीमागे एक लागलेल्या असतात.

मोजमापाला सगळ्यात उपयोगी पडतात ते लाव्हाच्या दगडांचे गडगे आणि डांबरी रस्त्यावरचे पांढरे पट्टे. आधी सरळ असलेला पट्टा भेगेवर तुटून बाजूला सरकलेला दिसतो. दोन्ही तुटकी टोकं मनात जुळवायची आणि तीन मापं घ्यायची: फट किती उघडली, एक बाजू किती खचली आणि आडवं किती सरकलं. फियांदाकावर पलीकडची बाजू उजवीकडे गेलेली आढळली. घाई करावी लागते, कारण लोकांना रस्ता हवा असतो आणि दुरुस्तीवाले पुरावा डांबराखाली गाडून मोकळे होतात.

उपग्रहाच्या रडारवरून अख्खा डोंगर किती हलला ते कळतं, पण ऐन भेगेपाशी चित्र गढूळ होतं. कुणाच्या स्वयंपाकघराखालून भ्रंश गेला आहे, हे सांगायला पायीच जावं लागतं.

आणि ते सांगणं भाग असतं. या भ्रंशाने १८९४मध्येही जमीन चिरली होती आणि १९८४मध्ये फ्लेरीला पुन्हा तडाखा बसला होता. हादरे सोसतील अशी घरं बांधता येतात. पायाच दोन दिशांना ओढला गेला तर मजबुतीकरणाचा उपयोग थोडाच. म्हणून २०१८नंतर पुनर्बांधणी करताना भ्रंशाच्या पट्ट्यातली काही घरं त्याच जागी न उभारता दुसरीकडे हलवायचं ठरलं.