दोन्ही केशरी, तरी वेगळे

पिकअपचं कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं द्रव, बदलायचं म्हटलं की पहिला सल्ला ठरलेला असतो: टाकीत डोकावून रंग बघा आणि त्याच रंगाचा कॅन आणा. हिरव्यात हिरवं, केशरीत केशरी. बाजारात जवळजवळ एकच रसायन होतं आणि ते हिरवं असायचं, तेव्हा हा सल्ला सहसा चुकत नसे. आता चुकतो, आणि तोही गुपचूप. गाडी सुरू होते, तापमानाचा काटा मध्यावर राहतो आणि आपण हात पुसून मोकळे होतो.

जनरल मोटर्सने १९९०च्या दशकाच्या मध्यापासून आपल्या गाड्यांत डेक्स-कूल भरायला सुरुवात केली. ते केशरी. क्रायस्लरने २०००च्या दशकात डॉज रॅममध्ये जे वापरलं, तेही केशरीच. दोन्ही काचेच्या ग्लासात ओतून उजेडात धरली तरी कुठलं कुठलं ते छातीठोकपणे सांगता येणार नाही. पण पहिलं ओएटी आहे, म्हणजे गंज रोखायला सेंद्रिय आम्लं वापरणारं, आणि दुसरं एचओएटी, म्हणजे त्याची संकरित जात. गंमत पुढेच आहे. त्याच काळात फोर्डच्या पिकअपमध्ये सोनेरी-पिवळं कूलंट असायचं, आणि ते रसायनाने रॅमच्या केशरीचं सख्खं भावंड. म्हणजे त्या रॅममध्ये डेक्स-कूलचा केशरी कॅन चुकीचा, आणि एमएस-९७६९ हे क्रायस्लरचं मानक पाळणारा पिवळा कॅन बरोबर. रंग हा कारखान्यात मिसळलेला डाय असतो. कुठल्या रसायनाला कुठला रंग द्यायचा, याचा सगळ्या कंपन्यांना बांधील असा नियम नाही.

मग फरक आहे तरी कशात? कॅनमधला मोठा भाग दोन्हीकडे एकच असतो, इथिलीन ग्लायकॉल. पाणी गोठू न देणं आणि त्याचा उत्कलनबिंदू वर नेणं हे काम त्याचं. निम्मं ग्लायकॉल आणि निम्मं पाणी असलं की मिश्रण उणे ३७ अंशांपर्यंत गोठत नाही. उघड्या भांड्यात ते साधारण १०७ अंशांना उकळतं, आणि रेडिएटरच्या झाकणाने धरलेल्या दाबाखाली १२५च्याही पुढे. इथवर भांडण नाही. भांडण आहे ते उरलेल्या थोड्या टक्क्यांत, गंजरोधक द्रव्यांत.

एचओएटीमध्ये, निदान रॅम-फोर्डच्या त्या जुन्या जातीत, सेंद्रिय आम्लाच्या जोडीला थोडं सिलिकेट असतं. सिलिकेट घाईचा गडी. ॲल्युमिनियम दिसलं की त्यावर भराभर पातळ थर चढवतं, गंज असो वा नसो. नवा वॉटर पंप किंवा नवा रेडिएटर बसवला की त्याच्या कोऱ्या धातूला लगेच पांघरूण मिळतं. पण या कामात सिलिकेट खर्ची पडतं. संपलं की संपलं, मग कूलंट दिसायला कितीही स्वच्छ असो.

ओएटीमध्ये सिलिकेट नाही. नुसती सेंद्रिय आम्लं. ती सगळ्या पृष्ठभागावर लेप देत बसत नाहीत. जिथे गंज धरायला लागतो तिथे जाऊन चिकटतात. त्यामुळे ती हळू खर्ची पडतात आणि जास्त टिकतात. डेक्स-कूलसाठी कंपनी ५ वर्षं किंवा सुमारे २,४०,००० किलोमीटर सांगते. क्रायस्लरच्या त्या एचओएटीला ५ वर्षं आणि सुमारे १,६०,००० किलोमीटर. जुनं हिरवं, ज्याला आयएटी म्हणतात, ते दोनेक वर्षांत बदलावं लागायचं. पण ओएटीची शिस्त वेगळी आहे. त्याला टाकी भरलेली लागते. पातळी खाली जाऊन आत हवा शिरली, की त्याचं चांगलं वागणं संपतं आणि तपकिरी चिखल दिसू लागतो. शिशाचं सोल्डर असलेल्या जुन्या तांबे-पितळी रेडिएटरलाही ते मानवत नाही. म्हणून इंजिनाचा बिडाचा ब्लॉक आणि पितळी रेडिएटर असलेली जुनी पिकअप हाताशी असेल, तर ‘जास्त टिकतं म्हणून जास्त चांगलं’ हा हिशेब सोडा आणि हिरवंच भरा.

दोन्ही मिसळली तर? इंजिनात लगेच जेली होते अशी भीती घातली जाते. बहुतेक वेळा तसं काही दिसत नाही, आणि खरी अडचण तीच आहे. दोन्हीकडची द्रव्यं पातळ होतात, कुणाचंच प्रमाण पुरेसं राहत नाही आणि ५ वर्षांची मुदत कागदावर उरते. रस्त्यात पातळी घटली आणि हाताशी योग्य कूलंट नसेल, तर थोडं डिस्टिल्ड पाणी टाकून घर गाठणं मला जास्त पटतं. तेवढ्या पाण्याने प्रमाण जरा हलतं, रसायन बिघडत नाही. मात्र कडाक्याची थंडी असेल तर हा उपाय नको.

तेव्हा कॅन निवडताना पुढची बाजू सोडा, मागची वाचा. मॅन्युअलमध्ये जो मानक क्रमांक दिला आहे तोच अक्षर न अक्षर कॅनवर हवा. रॅमचंच बघा. २०१३च्या मॉडेलपासून क्रायस्लरने एचओएटी सोडून जांभळं ओएटी घेतलं, क्रमांक एमएस-१२१०६. गाडीचं नाव तेच, वर्ष बदललं, कूलंट बदललं. फोर्डही सोनेरीवरून केशरीवर आणि मग पुन्हा पिवळ्यावर आलं, आणि हे पिवळं आधीच्या सोनेरी-पिवळ्यापेक्षा वेगळं आहे! टोयोटाच्या पिकअपमध्ये गुलाबी असतं, त्यात फॉस्फेट असतं आणि सिलिकेट नसतं. म्हणून ‘माझ्या मित्राच्या रॅममध्ये हेच आहे’ हा पुरावा धरू नका. लेबलवरची भाषाही पारखून घ्या. उत्पादक कंपनीची मान्यता असणं वेगळं आणि ‘या गाड्यांसाठी योग्य’ असं कॅनवाल्याने स्वतःच छापणं वेगळं. ‘सर्व गाड्या, सर्व रंग’ लिहिलेल्या कॅनवर माझा फारसा विश्वास नाही. अडीनडीला चालेल, पण सगळं कूलंट काढून नवं भरायची संधी हातात असताना तडजोड कशाला?

डिझेल पिकअपचं आणखी एक निराळं प्रकरण. डिझेलच्या दणक्याने सिलिंडरची भिंत थरथरते, तिच्याबाहेर कूलंटमध्ये बारीक बुडबुडे होतात आणि फुटताना धातू टोकरतात. वर्षानुवर्षं हे चाललं तर भिंतीला टाचणीएवढं भोक पडू शकतं. फोर्डच्या ७.३ लिटर पॉवर स्ट्रोकसारख्या इंजिनांना म्हणूनच कूलंटमध्ये वेगळं पूरक द्रव्य घालावं लागे आणि त्याचं प्रमाण चाचणीच्या कागदी पट्टीने तपासावं लागे. तिथे पेट्रोल गाडीचा कॅन ‘त्याच रंगाचा’ म्हणून ओतणं महागात पडतं.

आता फ्लशचा भाग, जिथे मी स्वतः फसलो. योग्य क्रमांकाचंच कूलंट आणलं होतं, पण तयार मिश्रण, म्हणजे आधीच निम्मं पाणी घातलेलं. जुनं सोडलं, स्वच्छ पाणी भरलं, इंजिन फिरवलं, पाणी सोडलं. दोनतीनदा केल्यावर ड्रेनमधून नितळ पाणी येऊ लागलं आणि मी खूश. मग रिकामं झालं तेवढं मिश्रण भरलं. दुसऱ्या दिवशी रिफ्रॅक्टोमीटरमध्ये, म्हणजे ग्लायकॉलचं प्रमाण दाखवणाऱ्या उपकरणात, थेंब टाकून बघितला, तर ग्लायकॉल निम्म्याच्या जवळपासही नाही.

हिशेब केल्यावर कळलं. समजा सिस्टीममध्ये १६ लिटर मावतं. रेडिएटरचा ड्रेन उघडला की १० लिटर बाहेर येतं. उरलेलं ६ लिटर पाणी ब्लॉकमध्ये आणि हीटर कोरमध्ये (केबिन गरम करणाऱ्या छोट्या रेडिएटरमध्ये) बसून राहतं. त्यावर १० लिटर तयार मिश्रण ओतलं, म्हणजे ग्लायकॉल गेलं फक्त ५ लिटर. १६ मध्ये ५, म्हणजे ३१ टक्के. गोठणबिंदू उणे ३७ वरून उणे १६-१७च्या आसपास येतो, आणि गंजरोधक द्रव्यंही त्याच प्रमाणात पातळ होतात. पाण्याने फ्लश केल्यावर म्हणून कॉन्सन्ट्रेट, म्हणजे पाणी न घातलेलं कूलंट हवं: एकूण क्षमतेच्या निम्मं, म्हणजे ८ लिटर कॉन्सन्ट्रेट आधी ओतायचं आणि उरलेली जागा डिस्टिल्ड पाण्याने भरायची. तयार मिश्रण चालतं ते फ्लश न करता नुसतं काढून भरताना किंवा पातळी पुरी करताना. टोयोटाचं गुलाबी तर बहुतेक ठिकाणी तयार मिश्रण म्हणूनच मिळतं. तिथे शेवटचं खंगाळणं पाण्याऐवजी कूलंटनेच करावं लागतं, किंवा ब्लॉकचे ड्रेन प्लग उघडावे लागतात.

उलट टोकाला जाऊन नुसतं कॉन्सन्ट्रेट भरणाराही एखादा भेटतो. शुद्ध इथिलीन ग्लायकॉल उणे १३ अंशांच्या आसपासच गोठतं आणि पाण्यापेक्षा कमी उष्णता वाहून नेतं. ‘जास्त दाट म्हणजे जास्त थंड’ हे इथे लागू नाही.

पाणी नळाचं नको. त्यातले क्षार फॉस्फेटशी जुळून पापुद्रे धरतात. आधीच्या फेऱ्यांना नळाचं चालेल, शेवटची फेरी डिस्टिल्डचीच. झाकण इंजिन पूर्ण गार झाल्यावरच उघडा. काढलेलं कूलंट गटारात किंवा मातीत सोडू नका. ते गोडसर लागतं आणि विषारी असतं, कुत्रं-मांजर ते चाटतं. झाकणाच्या बाटल्यांत भरून वापरलेलं तेल जिथे घेतात तिथे विचारा.

भरून झाल्यावर हीटर पूर्ण गरमवर ठेवून इंजिन चालवा, थर्मोस्टॅट (कूलंट तापल्यावर रेडिएटरकडची वाट मोकळी करणारी झडप) उघडेपर्यंत. हवा निघाली की पातळी खाली जाते, मग पुन्हा भरा. गाडी एकदा फिरवून गार झाल्यावर रिफ्रॅक्टोमीटरने बघा. त्यात इथिलीन आणि प्रोपिलीन अशा दोन पट्ट्या असतात, इथिलीनची वाचायची. आकडा बरोबर आला की कूलंटच्या टाकीवर कागदी टेप लावून मार्करने लिहून ठेवा: मानक क्रमांक, तारीख, टक्केवारी. रंग लिहायची गरज नाही.