इंजिन बंद पडल्यावर मागे का वळायचं नाही?

टेकऑफनंतर लगेच इंजिन बंद पडलं, तर नाक खाली घ्या आणि समोर सापडेल त्या मोकळ्या जागेत उतरा. धावपट्टीकडे परत वळू नका. एका इंजिनाचं विमान शिकणाऱ्या प्रत्येकाला हे बजावलं जातं. या नियमाची मुळं विमानविद्येच्या पहिल्या दशकात आहेत.

तेव्हा इंजिनाचा भरवसाच नसे. १९ जुलै १९०९ रोजी ह्यूबर्ट लॅथम इंग्लिश खाडी ओलांडायला निघाला आणि इंजिन थांबल्याने त्याला समुद्रावर उतरावं लागलं. विमान तरंगत राहिलं, म्हणून तो वाचला. सहा दिवसांनी फ्रेंच वैमानिक लुई ब्लेरियोने खाडी पार केली. त्या काळच्या परवाना परीक्षेत जमिनीला टेकण्याआधी, फार तर टेकताक्षणी, इंजिन बंद करून ठरलेल्या जागेपासून ५० मीटरच्या आत थांबावं लागे. म्हणजे इंजिनाविना उतरणं हे नेहमीचंच काम होतं.

घात व्हायचा तो वळताना. इंजिन गेलं की वेग टिकवायला उंची खर्च करावी लागते. त्यात ४५ अंश कललेल्या वळणात स्टॉलचा वेग, म्हणजे ज्याच्या खाली पंख विमान पेलू शकत नाहीत तो वेग, सुमारे १९ टक्क्यांनी वाढतो, ६० अंशांत ४१ टक्क्यांनी. घाबरलेला वैमानिक नेमका तेव्हाच नाक वर ओढतो. पंखांची उचल तुटते, विमान गिरक्या घेत खाली येतं आणि सावरायला उंचीच उरलेली नसते. शिवाय अर्धं वळण पुरत नाही. धावपट्टीच्या रेषेत येण्यासाठी त्याहून जास्त वळावं लागतं आणि उतरताना वारा पाठीमागून असतो.

ऑगस्ट १९१२ मध्ये ब्रिटिश वैमानिक विल्फ्रेड पार्क अशा गिरकीतून अगदी जमिनीजवळ बचावला. त्याने काय केलं, याची तेव्हा बारकाईने नोंद झाली. १९१७ मध्ये इंग्लंडमधल्या गॉसपोर्टला, वैमानिकांना शिकवणाऱ्या रॉबर्ट स्मिथ-बॅरीने पुढचं पाऊल टाकलं: विद्यार्थ्याला धोक्यापासून लांब ठेवण्याऐवजी मुद्दाम धोक्यात नेऊन त्यातून बाहेर पडायला शिकवायचं. माझ्या मते वैमानिकांचे जीव वाचवण्यात याहून मोठं काम क्वचितच कुणी केलं असेल. आजचा फोर्स्ड लँडिंगचा, म्हणजे नाइलाजाने वाटेत उतरण्याचा, सराव त्याच विचारावर चालतो.



इंजिनं पुढे खूप सुधारली. १९५६ पासूनचं सेस्ना १७२ इंजिनाविना हजार फुटांवरून, वारा नसेल तर, सुमारे पावणेतीन किलोमीटर जातं. १९९८ मध्ये प्रमाणित झालेल्या सिरस एसआर२० मध्ये तर अख्ख्या विमानासाठी पॅराशूट आलं. पण तेही उघडायला उंची लागते. टेकऑफनंतरच्या पहिल्या काहीशे फुटांत आजही नाक खाली आणि समोरचं शेत, एवढंच हाती असतं. म्हणून इंजिन गेल्यास आपण काय करणार, हे वैमानिक धावपट्टीवर जाण्याआधी मोठ्याने म्हणून घेतात.