१६५२ वर थांबलेली टांकसाळ

२०२४ च्या नोव्हेंबरमध्ये अमेरिकेतल्या एका लिलावात ग्रॅमभर वजनाचं चांदीचं एक नाणं २५ लाख २० हजार डॉलरला गेलं. एका बाजूला न्यू इंग्लंडची, म्हणजे अमेरिकेच्या ईशान्येकडच्या इंग्रज वसाहतींच्या पट्ट्याची, दोन आद्याक्षरं, दुसऱ्या बाजूला रोमन तीन, बाकी सगळं कोरं. या तीन पेन्सच्या नाण्याचं मोल कळण्यासाठी १६५२ सालच्या बॉस्टनला जावं लागतं.

अमेरिकेतल्या आपल्या वसाहतींना लागतील तेवढी नाणी इंग्लंड पाठवत नव्हतं, आणि नाणी पाडण्याचा हक्क राजाचा. जी थोडी चांदी हाती येई, ती आयात मालाच्या किमतीपोटी परत तिकडेच जाई. मग व्यवहार चालायचे मक्यावर, व्हर्जिनियात तंबाखूवर आणि मूळनिवासींच्या शिंपल्यांच्या मण्यांवर. वेस्ट इंडिजच्या व्यापारातून स्पॅनिश चांदी यायची, पण तिच्यात हिणकस आणि हलकी नाणी फार.

१६४९ मध्ये इंग्लंडच्या राजाचं शिर उडवलं गेलं. सिंहासन रिकामं असताना, १६५२ मध्ये, बॉस्टन जिच्यात येतं त्या मॅसॅच्युसेट्स वसाहतीने टांकसाळ काढली. ती चालवायला दिली जॉन हल आणि रॉबर्ट सँडरसन या चांदीकाम करणाऱ्या दोघांकडे. चांदी बाहेर जाऊ नये म्हणून त्यांच्या शिलिंगमध्ये इंग्लंडच्या शिलिंगपेक्षा साधारण बावीस टक्के चांदी कमी ठेवली होती. पहिली नाणी इतकी कोरी होती, की कडा कातरून चांदी काढून घेतली तरी पत्ता लागत नसे. काही महिन्यांतच छाप बदलला: मधोमध झाड, भोवती कडेपर्यंत अक्षरं. आधी विलो, मग ओक, शेवटी पाइन. म्हणूनच सुरुवातीची कोरी नाणी इतकी दुर्मीळ.

टांकसाळ १६८२ पर्यंत चालली, तरी ओकचं दोन पेन्सचं नाणं सोडलं तर सगळ्यांवर साल एकच, १६५२. शिर उडवलेल्या राजाचा मुलगा पुढे गादीवर परतला; त्याला ही नाणी सिंहासन रिकामं असतानाची वाटावीत, म्हणून ही युक्ती केली असं सांगतात. मला मात्र साधं कारण पटतं: टांकसाळ काढण्याचा मूळ ठराव १६५२ चा होता, आणि साल त्याचंच राहिलं.

कनेक्टिकटच्या सॅम्युअल हिग्लीची तांब्याची नाणी मला याहून जवळची वाटतात. १७३७ मध्ये त्याने आधी त्यांच्यावर 'किंमत तीन पेन्स' असं कोरलं. पुढच्या नाण्यांवर मजकूर आला, 'मी चांगलं तांबं आहे' आणि 'तुम्हाला वाटेल ती किंमत करा'. मागे ना राजा ना ठराव. भरवसा फक्त धातूचा.

अमेरिकेत नाणी जमवण्याचं वेड खऱ्या अर्थाने पसरलं १८५७ नंतर, मोठा तांब्याचा सेंट बंद झाला आणि लोक तो बाजूला काढून ठेवू लागले तेव्हा. खोटी नाणी त्याआधीच निघाली होती. न्यूयॉर्कच्या टॉमस वायटने मॅसॅच्युसेट्सच्या नाण्यांचे बनावट ठसे करवून घेतले आणि नाणी जमिनीत सापडल्याची कथा पसरवली. लबाडी लवकरच उघडी पडली. आज संग्राहक त्या नकलाही, नकला म्हणूनच, पैसे मोजून घेतात.