बिनआट्यांचा हेडसेट आणि कार्बन चिमटा

सायकलचा पुढचा चिमटा फ्रेमच्या पुढच्या नळीत ज्या दोन बेअरिंगवर फिरतो, त्या जोडणीला हेडसेट म्हणतात. चिमट्याची वर जाणारी नळी म्हणजे स्टिअरर. या नळीवर आटे न पाडता हँडलला धरणारा आडवा तुकडा, म्हणजे स्टेम, बाहेरूनच तिच्यावर आवळला, की तो बिनआट्यांचा हेडसेट. चिमटा कार्बनच्या धाग्यांचा असला तरी जोडणीचे तत्त्व हेच राहते, हात मात्र बदलावा लागतो.

मराठवाड्यातल्या गल्लीबोळांतील सायकल दुकानांचा हात अजून आटेवाल्या जोडणीवर बसलेला आहे. काळ्या सायकलला वर-खाली वाट्या, त्यांत ग्रीसमध्ये बसवलेले छर्रे आणि वरून चेकनट. दोन पाने लावले की काम झाले. हँडलची दांडी नळीच्या आत उतरलेली असते. तिचा बोल्ट थोडा सैल करून डोक्यावर हातोडीचा एक ठोका दिला की आतली पाचर सुटते. याच कारागिराकडे कार्बनच्या चिमट्याची सायकल आली की त्याचा हात सवयीने हातोडीकडे जातो. दोष त्याचा नाही, पण हातोडी तेवढी बाजूला ठेवायला सांगावे.

ही रचना जॉन रेडर या अमेरिकन संशोधकाची. डाया-कॉम्पे कंपनीने ती १९९०च्या दशकाच्या सुरुवातीस ‘अहेडसेट’ या नावाने बाजारात आणली. आज बहुतेक स्टिअरर वरच्या बाजूला एक पूर्णांक एक अष्टमांश इंच, म्हणजे २८.६ मिमी व्यासाचे असतात. नव्या कार्बन चिमट्यांत हा व्यास खाली वाढत जाऊन बेअरिंगपाशी बऱ्याचदा दीड इंचापर्यंत पोचते, कारण ब्रेक लावला की सगळा ताण तिथेच येतो.

जोडणी समजण्याची किल्ली एकच: सर्वांत वरच्या टोपीचा बोल्ट काहीही धरून ठेवत नाही. तो फक्त स्टेमला खाली दाबून बेअरिंगमधला खुळखुळा काढतो. चिमटा जागेवर राहतो तो स्टेमच्या बाजूच्या बोल्टांमुळे. ते आवळल्यावर टोपी काढून टाकली तरी जोडणी सुटत नाही. म्हणून क्रमाला महत्त्व आहे. स्टेमचे बोल्ट आधी सैल, मग टोपी हलकेच, मग स्टेम चाकाच्या रेषेत आणि शेवटी बाजूचे बोल्ट आळीपाळीने थोडे थोडे. स्टेम आवळलेला असताना टोपी कितीही पिळली तरी खुळखुळा जात नाही. बिघडतात ते आटे.

लोखंडी किंवा अ‍ॅल्युमिनियमच्या स्टिअररमध्ये टोपीचा बोल्ट पकडायला आत चांदणीच्या आकाराचा नट ठोकतात. कार्बनमध्ये तो कधीही ठोकू नये. त्याच्या पात्या आतले धागे कापतात. त्याऐवजी फुगणारा प्लग वापरतात. तो एलन-कीने आतून ताणून बसतो आणि स्टेम जिथे आवळला जातो तिथे नळीला आतून आधारही देतो. त्यामुळे प्लग नेमका स्टेमच्या उंचीवरच यायला हवा. खोल घसरला तर त्याचा निम्मा उपयोग गेला.

नळी कापताना घाई नको. आधी सगळे भाग रचून खूण करायची, एक दिवस सायकल चालवून उंची पटते का ते पाहायचे आणि मगच करवत हाती घ्यायची. कापलेले टोक वरच्या स्पेसरच्या (स्टेमच्या वर-खाली नळीवर बसणाऱ्या कडीच्या) सुमारे ३ मिमी खाली राहावे. ते स्पेसरच्या बरोबरीत आले तर टोपी नळीलाच टेकते आणि दाब बेअरिंगपर्यंत पोचत नाही. स्टेमच्या वर ५ मिमीचा एक स्पेसर ठेवण्याची पद्धत चांगली, कारण स्टेमची पूर्ण पकड नळीवर येते. स्टेमखाली किती स्पेसर चालतील याची मर्यादा चिमट्याच्या उत्पादकाने दिलेली असते. बऱ्याचदा ती ३० ते ४० मिमीच्या आसपास असते. कापायला बारीक दातांचे हॅकसॉ ब्लेड, खुणेभोवती चिकटपट्टी, तोंडाला मास्क आणि खाली ओले फडके. पाइप कटर नकोच, तो नळी चेपतो. कार्बनची भुकटी काजळीसारखी काळी असते, बोटांना खाजते आणि फुफ्फुसात जाऊ देण्याजोगी नसते. कापलेली कड बारीक पॉलिश पेपरने साफ करून पातळ सुपरग्लूने बंद करतात.

आवळण्याचे माप स्टेमवर छापलेले असते, बहुधा ५ न्यूटन मीटर. चिमट्यावर त्याहून कमी लिहिले असेल तर कमी असलेले माप पाळावे. मोटारसायकल गॅरेजमधला टॉर्क पाना इथे कामाचा नाही. त्याच्या पट्टीवर इतका लहान आकडा बहुधा नसतोच. वाळूजच्या कारखान्यांत काम करणाऱ्यांना सवयीच्या मापात सांगायचे तर ५ न्यूटन मीटर म्हणजे सुमारे ५१ किलो-सेंटिमीटर, म्हणजे १० सेंमी लांब किल्लीच्या टोकाला जेमतेम पाच किलोंचा जोर. ‘अजून एक पीळ’ देण्याची खोड इथे महागात पडते. जालन्याची सळई वाकते, दिसते, सावध करते; कार्बन असे काही सांगत नाही. आवळण्याच्या जागी ग्रीस लावू नये. स्टेम घसरत असेल आणि उत्पादकाची मनाई नसेल तर कार्बनसाठीची खरखरीत पेस्ट लावावी.

तपासणी अशी: पुढचा ब्रेक दाबून धरायचा, डाव्या हाताची बोटे वरच्या बेअरिंगच्या सांध्यावर ठेवायची आणि सायकल पुढे-मागे हलवायची. टकटक बोटांना जाणवते, कानांना नंतर. मग हँडल आडवे करून पुन्हा तेच. शेवटी पुढचे चाक उचलायचे. हँडल स्वतःच्या वजनाने एका बाजूला पडले पाहिजे. अडखळले तर टोपी जास्त आवळली गेली आहे.

काळ्या मातीच्या मुलखात सर्वांत आधी मरते ते खालचे बेअरिंग. पावसाळ्यात पुढच्या चाकाने उडवलेला चिखल थेट तिथे जाऊन बसतो आणि वाळला की सिमेंटसारखा धरतो. खुलताबादहून दौलताबादचा घाट उतरताना ब्रेक दाबून चालणाऱ्याला सैल हेडसेट हँडलमध्ये ठोके देतो. बेअरिंग खराब झाले असेल तर हँडल नेमके सरळ रेषेत, खाचेत अडकल्यासारखे थांबते. ते आवळून बरे होत नाही, बदलावेच लागते. त्या निमित्ताने चिमटा बाहेर आला की स्टेमच्या कडेखालची नळी पुसून उजेडात धरावी आणि तिच्यावर नख फिरवावे. रंगातला ओरखडा चालतो. नख अडकेल अशी आडवी चीर दिसली तर तो चिमटा पुन्हा बसवू नये.